पोरगं कमावतं झालं, म्हणून पोटगी थांबते का?

मे महिन्यात अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की कुलाबा किल्ल्याकडे निघणाऱ्या घोडागाड्यांभोवती गर्दी जमते. कडेला शहाळी, बर्फाचा गोळा, भाजलेलं कणीस, भाड्याच्या सायकली. वरसोली, आक्षी, नागाव, किहीमच्या वाड्यांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय असते आणि खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात. या सगळ्या धावपळीत दहावी-बारावीतली मुलं-मुलीही दिसतात. कुणी चादरी बदलतं, कुणी शहाळी सोलून देतं, कुणी पर्यटकांचे फोटो काढून मोबाइलवर पाठवतं. सुट्टीत हाती चार पैसे येतात, कॉलेजची फी, नवा मोबाइल किंवा क्लासचा हप्ता निघतो.

ज्या घरात आई-वडील वेगळे झालेत आणि कोर्टाच्या हुकमाने वडील दरमहा पोटगी देतात, त्या घरात याच चार पैशांवरून वाद पेटतो. वडील म्हणतात, ‘‘पोरगा आता कमावतो, मग मी कशाला देऊ?’’ आई घाबरते आणि मुलालाच बजावते, ‘‘तू कामाला जाऊ नकोस, पोटगी बंद होईल.’’ माझ्या मते दोघांचाही हिशेब चुकतो. वडिलांच्या चुकीने मुलाच्या वाट्याचे पैसे अडतात आणि आईच्या चुकीने त्याची धडपड. म्हणून कायदा या कमाईकडे कसा पाहतो, ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

पैसे येतात आईच्या हाती, हक्क मुलाचा

पोटगी म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, अशी आपली सर्वसाधारण समजूत. कोर्टाच्या हुकमात मात्र बहुतेक वेळा दोन आकडे वेगवेगळे असतात, पत्नीसाठी एक आणि मुलासाठी एक. मुलाची रक्कम आईच्या खात्यात जमा होते, कारण मूल कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’, म्हणजे 18 वर्षांखालचं असतं. हक्क मात्र मुलाचाच. त्यामुळे ‘मला काही नको, फक्त सुटका हवी’ असं आईने वैतागून लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क तेवढ्याने बुडत नाही. तसंच नवरा-बायकोचं एकमेकांवर कितीही वैर असलं, तरी त्याचा राग मुलाच्या आकड्यावर काढता येत नाही.

हा हक्क मागायचे रस्ते अनेक आहेत. सर्वांत जास्त वापरातला रस्ता म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 125. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं आहे. ते सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे, आई-वडिलांचं लग्न झालेलं नसलं तरीही. जिथे कुटुंब न्यायालय नाही, तिथे हा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. दुसरा रस्ता 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा. घटस्फोटाचा दावा चालू असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खालीही मुलांचा ताबा, शिक्षण आणि खर्च यांबद्दल हुकूम होतो. घरात छळ झालेल्या स्त्रीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली मुलांसाठीही पैसे मागता येतात.

पहिला प्रश्न: मूल स्वतःचं पोट भरू शकतं का?

कलम 144 खाली पोटगी मिळण्याची मुख्य अट अशी, की देणाऱ्याकडे पुरेशी ऐपत असावी आणि मूल स्वतःचा चरितार्थ चालवायला असमर्थ असावं. सगळा वाद या दुसऱ्या अर्ध्या भागावर होतो. सतरा वर्षांच्या मुलाने सुट्टीत काम केलं, म्हणजे तो चरितार्थ चालवायला ‘समर्थ’ झाला का?

आकड्यांनी पाहू. समजा, मुलाला दरमहा 6,000 रुपये पोटगी ठरली आहे. मेच्या सुट्टीत त्याने 25 दिवस, दिवसाला 400 रुपयांनी काम केलं. हातात आले 10,000. त्या एका महिन्याकडे पाहिलं, तर वडिलांचं म्हणणं बरोबर वाटतं, कारण पोटगीपेक्षा कमाई जास्त. पण तो जेवतो बाराही महिने. त्याची फी जूनमध्ये भरायची असते, एसटीचा पास दर महिन्याला काढायचा असतो आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर गिऱ्हाईक नसतं. वर्षावर पसरलं, तर हेच 10,000 महिन्याला 833 रुपये होतात. वळवाच्या एका सरीने विहिरीला पाणी चढत नाही, तसं एका हंगामाच्या मजुरीने पोरगं आपल्या पायावर उभं राहत नाही.

‘असमर्थ’ म्हणजे अगदी रस्त्यावर आलेला, असा अर्थ कोर्टं लावत नाहीत. पत्नीच्या पोटगीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या खटल्यात हे स्पष्ट केलं. बायको कसाबसा थोडा पैसा मिळवते, एवढ्यावरून ती स्वतःचं भागवू शकते असं ठरत नाही. प्रौढ स्त्रीच्या किरकोळ कमाईबद्दल कायदा एवढा विचार करतो, तर शाळा-कॉलेजातल्या मुलाच्या सुट्टीतल्या कमाईने त्याचा हक्कच संपला, हे म्हणणं टिकायला फार अवघड आहे.

उलट टोकही आहे. एखादी सोळा वर्षांची मुलगी मालिकेत नियमित काम करते आणि महिन्याला मोठी रक्कम मिळवते. किंवा आजोबांनी नावावर केलेल्या वाडीचं भरपूर उत्पन्न मुलाला वर्षभर येतं. अशा ठिकाणी ‘असमर्थ आहे का’ हा प्रश्न खरा प्रश्न ठरतो आणि कोर्ट तो बारकाईने तपासतं.

दुसरा प्रश्न: रक्कम किती?

हक्क आहे की नाही आणि रक्कम किती, हे दोन टप्पे आहेत. वकिलाच्या ऑफिसात आणि घरच्या भांडणात त्यांची सरमिसळ होते, आणि बहुतेक गैरसमज तिथेच जन्मतात. कमाई पहिल्या टप्प्यावर हक्क सहसा पुसत नाही, पण दुसऱ्या टप्प्यावर ती मोजली जाऊ शकते. सत्तरच्या दशकात भगवान दत्त विरुद्ध कमला देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रक्कम ठरवताना पत्नीचं स्वतंत्र उत्पन्नही विचारात घ्यावं. मुलांच्या बाबतीत हिंदू दत्तक व निर्वाह कायदा तर हे थेट लिहूनच ठेवतो. त्याचं कलम 23 सांगतं, की रक्कम ठरवताना पक्षकारांचा दर्जा, मागणाऱ्याच्या वाजवी गरजा, त्याची मालमत्ता, तिचं उत्पन्न आणि त्याची स्वतःची कमाई हे सगळं पाहायचं.

म्हणजे कमाई हिशेबात येते, पण एकटी येत नाही. तिच्याबरोबर गरजाही येतात, आणि मूल मोठं होताना गरजा वाढतातच. महाराष्ट्रातलाच एक गाजलेला खटला पाहा. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालं. तिथे मुलासाठी अंतरिम पोटगी आधी दरमहा 5,000 रुपये ठरली आणि 1 सप्टेंबर 2015 पासून ती 10,000 झाली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 4 नोव्हेंबर 2020 रोजी त्यावर सविस्तर निकाल आला. आज देशभर पोटगीचे अर्ज त्याच निकालाच्या चौकटीत चालतात.

त्या निकालातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाला थेट भिडतात. एक म्हणजे मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण तर धरायचंच, शिवाय शिकवणी किंवा एखादा जादा अभ्यासक्रमही वाजवी प्रमाणात धरता येतो. दुसरी म्हणजे दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, कर्ज, खर्च यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायचं. अवलंबून असलेल्या माणसांना स्वतंत्र उत्पन्न असेल, तर तेही त्यात सांगायचं. त्यामुळे मुलाची कमाई दडवण्यात शहाणपण नाही. ती उघड सांगावी आणि शेजारीच फीची पावती लावावी. 10,000 मिळवणाऱ्या मुलाची क्लासची फी त्याच्या कितीतरी पट असू शकते, आणि कोर्टाला दोन्ही आकडे एकत्र दिसले तरच खरं चित्र कळतं.

आईही कमावती असेल, तर मुलाच्या खर्चात तिचाही वाटा धरला जातो. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या 2000 सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आई-वडिलांच्या पगारांच्या प्रमाणात हा भार वाटला होता. मुलाच्या कमाईवर बोट ठेवण्याआधी हिशेब या दोघांच्या मिळकतीपासून सुरू होतो. मला तोच क्रम न्याय्य वाटतो. मूल जगात आणण्याचा निर्णय त्याचा नव्हता.

हुकूम आपोआप आटत नाही

व्यवहारात सर्वाधिक नुकसान एका चुकीने होतं. मुलाला किनाऱ्यावर काम करताना पाहिलं, की वडील पुढच्या महिन्यापासून पैसे पाठवणं थांबवतात किंवा स्वतःच ठरवून निम्मे पाठवतात. कोर्टाचा हुकूम कोर्टानेच बदलेपर्यंत तसाच लागू राहतो. परिस्थिती बदलली असेल, तर नव्या संहितेच्या कलम 146 खाली (जुनं कलम 127) अर्ज करून रक्कम कमी करून मागता येते. मुलाचा खर्च वाढला, तर आईलाही याच कलमाखाली वाढ मागता येते. बदल झाला हे पुराव्याने दाखवावं लागतं. नुसतं ‘मी त्याला सायकली भाड्याने देताना पाहिलं’ एवढ्याने भागत नाही.

परस्पर थांबवलेले पैसे थकबाकी म्हणून साचत जातात. त्या वसुलीसाठी वॉरंट निघू शकतं. तरीही रक्कम भरली नाही, तर थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि तुरुंगात जाऊन आलं म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवलं आहे. आईने इथे एक तारीख पाळायची असते. कलम 144 खाली वॉरंटसाठी अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज देतील, उद्या देतील’ म्हणत वर्ष उलटलं, की हा सोपा मार्ग त्या महिन्यांपुरता हातचा जातो.

क्यूआर कोडवर जमा झालेले पैसे कोणाचे?

हा प्रश्न नवा आहे आणि आपल्या किनाऱ्यावर तो रोज उभा राहतो. मुलगा सुट्टीत शहाळ्याची गाडी चालवतो, पण गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड आईच्या खात्याचा असतो. दिवसभर 60, 120, 50, 240 अशा रकमा आईच्या खात्यात पडत राहतात. पुढे कोर्टात बँकेचा उतारा दाखल झाला, की वडिलांचे वकील तोच उतारा पुढे करून म्हणतात, ‘बाईंचा धंदा जोरात चालला आहे, मग पोटगी कशाला?’ मुलाची हंगामी कमाई अशी कागदावर आईचं नियमित उत्पन्न बनते, आणि शहाळी आणायला गेलेला खर्च कुठेच दिसत नाही.

यावर साधा उपाय आहे. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून ते स्वतः चालवायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, मर्यादा आणि अटी बँक ठरवते. मुलाची मजुरी त्याच्या खात्यात जाऊ द्यावी. माल विकत असाल, तर खरेदीच्या चिठ्ठ्या वहीत लावून ठेवाव्यात.

प्राप्तिकराचा नियमही इथे माहीत असावा. अज्ञान मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज सहसा पालकाच्या उत्पन्नात मिळवलं जातं. लग्न टिकून असेल, तर ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात, आणि लग्न संपलं असेल, तर त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या. पण मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कौशल्याने, कलेने मिळवलेला पैसा यातून वगळला आहे. तो मुलाचाच मानला जातो. करवसुलीचा कायदासुद्धा मुलाच्या घामाचे पैसे त्याच्या पालकाचे धरत नाही, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

पण ते काम कायद्यात बसतं का?

मुलाची कमाई कोर्टात मांडताना हा प्रश्नही येतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं बंद आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धोका नसलेल्या धंद्यात मदत, आणि बालकलाकार म्हणून काम, एवढेच अपवाद आहेत. 14 ते 18 वयातल्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत. दुकानात किंवा इतर आस्थापनेत ठेवलं, तर कामाचा वेळ विश्रांतीसह सहा तासांच्या वर जाऊ नये, सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती मिळावी आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात काम नसावं. शनिवार-रविवारच्या गर्दीत हॉटेलात रात्री बारापर्यंत भांडी घासणारा सोळा वर्षांचा मुलगा या नियमात बसत नाही. अशा कमाईचा आधार घेऊन पोटगी कमी करा असं म्हणणारा बाप खरं तर आपल्या मुलाच्या पिळवणुकीचा पुरावा कोर्टापुढे ठेवत असतो.

बालकलाकारांसाठी एक चांगली तरतूद आहे. चित्रीकरणातून मिळालेल्या रकमेतली किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवायची आणि ती सज्ञान झाल्यावर मुलाला द्यायची. मुलाच्या कमाईचा एक भाग उद्यासाठी राखून ठेवायचा, हा विचार कायद्याने इथे स्पष्टच स्वीकारला आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर

इथून नियम बदलतात आणि कमाईचं वजन वाढतं. कलम 144 चा रस्ता साधारणपणे अठराव्या वर्षी संपतो. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे कमवू न शकणारं मूल (विवाहित मुलगी सोडून) याला अपवाद आहे. पूर्वी असं नव्हतं. 1898 च्या जुन्या संहितेत ‘मूल’ एवढंच लिहिलं होतं आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्यात स्वतःचं भागवू न शकणारं सज्ञान मूलही येतं, असा अर्थ लावला होता. 1973 च्या संहितेने ते दार बंद केलं. बारावीची परीक्षा आणि अठरावा वाढदिवस आपल्याकडे जवळपास एकाच सुमारास येतात. नेमका फीचा खर्च वाढतो तेव्हाच हक्क संपतो, ही या कायद्यातली मोठी उणीव आहे असं मला वाटतं.

कोर्टांनाही ती जाणवते. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं, की मुलगा अठराचा झाला म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. त्याच्या खर्चापोटी आईला द्यायची रक्कम न्यायालयाने, मुलगा पदवीधर होईपर्यंत किंवा कमवू लागेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर चालू ठेवली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही एका मुलाचा खर्च पहिली पदवी मिळेपर्यंत देण्याचा हुकूम केला. ‘कमवू लागेपर्यंत’ हे शब्द आले, की मुलाची नोकरी हा थेट निर्णायक मुद्दा होतो.

अविवाहित मुलीला हिंदू कायद्यात अठरानंतरही हक्क आहे. कलम 20 नुसार ती स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागवू शकत नसेल, तर लग्न होईपर्यंत बापाने तिचा खर्च करायचा. सप्टेंबर 2020 मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं, फक्त त्यासाठी 1956 च्या कायद्याखाली वेगळा दावा करावा लागतो. मुस्लिम मुलांच्या बाबतीत 1997 च्या नूर सबा खातून निकालाने मुलींना लग्नापर्यंत आणि मुलांना सज्ञान होईपर्यंत पोटगीचा हक्क सांगितला आहे.

अलिबाग तालुक्यात आयटीआय करून शिकाऊ उमेदवारीला लागणारी मुलं आहेत, आणि थळच्या खत कारखान्याकडे अनेकांचे डोळे असतात. शिकाऊ उमेदवारीसाठी किमान वय 14 आहे, पण धोकादायक उद्योगाशी निगडित कामासाठी 18. तिथलं विद्यावेतन दरमहा ठरलेलं येतं, त्यामुळे सुट्टीतल्या मजुरीपेक्षा ते कोर्टाच्या हिशेबात जास्त जड ठरतं. तरीही ते शिक्षण आहे, नोकरी नव्हे, आणि वकिलाने हे आवर्जून मांडावं.

परदेशातल्या मराठी घरांत

नात्यातलं कुणी जर्मनीत किंवा अमेरिकेत असेल, तर तिथले नियम इथे लावू नयेत. ब्रिटनमध्ये सरकारी यंत्रणा देणाऱ्या पालकाच्या उत्पन्नावर ठरलेल्या सूत्राने रक्कम काढते, मुलाची शनिवारची नोकरी त्या सूत्रात येतच नाही. जर्मनीत याउलट शिकाऊ उमेदवाराचं वेतन सरळ मोजतात. कामासाठीच्या खर्चापोटी साधारण 100 युरो वजा करून उरलेल्याचा निम्मा भाग अज्ञान मुलाच्या पोटगीतून वळता होतो, निम्मा सांभाळणाऱ्या पालकाच्या बाजूला धरतात. कॅलिफोर्नियात अठराव्या वर्षी जबाबदारी संपते. मूल अजून शाळेत पूर्णवेळ शिकत असेल, अविवाहित असेल आणि स्वतःच्या पायावर उभं नसेल, तर ती एकोणिसाव्यापर्यंत लांबते.

चौकट: तारखेला जाताना सोबत काय असावं

मुलाच्या कामाचे महिने आणि मिळालेली रक्कम लिहिलेली वही. मुलाच्या खात्याचा उतारा. शाळा-कॉलेज, क्लास, पुस्तकं, पास, औषधं यांच्या पावत्या, शक्यतो पूर्ण वर्षाच्या. पोटगीच्या मूळ हुकमाची प्रत आणि आजवर आलेल्या रकमांची तारीखवार नोंद. वडील अर्ज करत असतील, तर त्यांच्याकडेही स्वतःच्या उत्पन्नाचे कागद हवेत. कोर्ट मुलाची कमाई पाहण्याआधी त्यांची पाहतं.

कुठे जायचं

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थकबाकी सोडून देणाऱ्या बायका खूप आहेत, आणि यातच मुलाचं सर्वांत मोठं नुकसान होतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. रायगडकरांसाठी हे काम अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं, आणि 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. मुलाने सुट्टीत काम केलं म्हणून पोटगी थांबली असेल, तर थांबलेल्या पहिल्या महिन्यापासून वर्ष पूर्ण होण्याआधी हुकमाची प्रत घेऊन तिथे जा.